विस्टिनकाकांचा गोळा

"काका, सावलीत बसा की," चेन्सू म्हणाला.

"सावलीतून आभाळ दिसतं होय रे?" विस्टिनकाकांनी खुर्ची मुद्दाम उन्हात ओढली.

सणाचा रविवार. गावात, देवळात मोठी प्रार्थना चालली होती आणि गावाबाहेरच्या शेतात, दगडी बांधाआड, आमच्या क्लबाची दारूकामवाली मंडळी दुपारच्या घंटेची वाट बघत होती. कुणी गवंडी, कुणी पोस्टमन. चेन्सू गोदीत वायरमन. विस्टिनकाकांनी जन्मभर बस चालवली. पण ते सगळं पोटासाठी. संध्याकाळी घरी जायचं सोडून वर्षभर क्लबाच्या कारखान्यात दारूचे गोळे बांधायचे, कागद गुंडाळायचे, सुतळी आवळायची, ते या एका दुपारसाठी. अख्ख्या माल्टात हे खूळ असंच आहे. बायका बोलून बोलून थकल्या.

दोलोरकाकू किटलीतून सगळ्यांना चहा देत होत्या. "सकाळपासून दोनदा दाढी केलीय यांनी," त्या म्हणाल्या. "आमच्या लग्नाला एकदाच केली होती."

माणसं हसली. चेन्सू हसला नाही.

दुपारचा शेवटचा गोळा काकांचा, हे ठरलेलं. तो वर जाऊन तीनदा वाजतो आणि मग गप्प होतो. इतका वेळ गप्प, की खालच्या गल्लीतल्या क्लबाचे लोक 'फुसका, फुसका!' म्हणून ओरडायला लागतात. त्यांची तोंडं मिटायच्या आत चौथा दणका असा बसतो, की खिडक्यांच्या काचा थरथरतात. ती गप्प राहण्याची कला काकांनी एकट्या चेन्सूला शिकवली होती.

यंदा मात्र काकांचे हात कापायला लागले होते. परवा चेन्सूने त्यांचा गोळा सहज हातात घेऊन फिरवला, तर एका अंगाने सुतळी सैल. असला गोळा वर जात नाही. ज्यातून उडवायचा त्या लोखंडी नळ्यातच फुटतो आणि वात लावणाऱ्याला घेऊन जातो. काकांना सांगायचं कसं? सुतळी धरायला ज्यांनी शिकवलं, त्यांनाच? काका दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात पाय ठेवणार नाहीत, आणि तिथे यायचं थांबलं तर हा माणूस वर्षही काढणार नाही, याची चेन्सूला खात्री होती. त्याने तो गोळा पाण्याच्या पिंपात बुडवला. काका प्रत्येक गोळ्यावर संत रोक्कूचं चित्र चिकटवतात, ते आधी अलगद सोडवून घेतलं आणि स्वतः बांधलेल्या गोळ्यावर लावलं. कुणालाही कळवलं नाही.

घंटा झाली. एकामागून एक गोळे सुटू लागले, आभाळात पांढऱ्या धुराचे ठिपके उमटू लागले. प्रत्येक गोळ्याला बांधाआडून टाळ्या पडत. टाळ्या सगळ्यांनी वाजवायच्या, ज्याचा गोळा त्याने मात्र नाही. आपल्याच गोळ्याला टाळी वाजवणाऱ्याचा हात जातो, असं आमच्याकडे मानतात. असल्या गोष्टी मानत नाही म्हणणाऱ्यांनीही कधी वाजवून बघितलेलं नाही.

"आता काकांचा!" कुणीतरी ओरडलं.

पोस्टमनने वात लावली आणि बांधामागे धाव घेतली. गोळा गेला. एक. दोन. तीन. मग गप्प.

गावाकडून 'फुसका!' असा कल्ला ऐकू आला. काका मान वर करून बसले होते, ओठ हलत होते. चेन्सू मात्र आभाळाकडे बघतच नव्हता, तो काकांकडे बघत होता.

चौथा दणका बसला आणि शेतातली कबुतरं उडाली.

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. गवंड्याने टोपी उडवली. काकूंनी किटली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, आणि वाजवता वाजवता त्यांचं लक्ष चेन्सूकडे गेलं.

"तू काय असा उभा रे, मेल्या? तुझ्या काकांचा गोळा ना? वाजव की टाळी!"

चेन्सूने हात वर आणले. तळवे समोरासमोर आले आणि तिथेच अडले. घरी दोन लेकरं होती, सोमवारी गोदीत विजेच्या तारा हातात धरायच्या होत्या. लाज वाटली त्याला, पण टाळी काही वाजेना. त्याने हात खिशात घातले आणि मान खाली घातली.

काकांनी त्याच्या खिशांकडे पाहिलं. मग वर, विरत चाललेल्या धुराकडे. मग पुन्हा खिशांकडे. एव्हाना इतरांच्या टाळ्या थांबल्या होत्या.

काका खुर्चीच्या दांड्याला धरून उठले. तोंड अगदी उतरलं होतं. ते चेन्सूसमोर जाऊन उभे राहिले, कापणारे दोन्ही हात त्यांनी वर उचलले आणि जोरात टाळी वाजवली. मग आणखी एक. मग आणखी.

"अहो, वेड लागलं का?" काकू धावत आल्या. "स्वतःच्या गोळ्याला? हात जाईल!"

"काही जात नाही," काका म्हणाले, आणि वाजवत राहिले.