चौदा दिवसांचा बंदोबस्त

लॉकडाऊनात बोरी अरबच्या उकंडाभाऊंना कोरोनापेक्षा मोठा घोर एकच होता: पोरगा संघर्ष त्या राजदीपच्या प्रेमात पडला होता. समजावूनही दोघं ऐकेनात, तेव्हा त्यांनी गावात घरोघरी कोरोनाची तपासणी करणाऱ्या आशाताईंना गाठलं.

"ताई, राजदीप पुण्यावरून आला, खोकून राह्यला. कोंडा त्याले शाळेत चौदा दिवस!"

ताईंनी वही काढली. "कोणाकोणाच्या संपर्कात आलता?"

"कोणाच्या म्हंजे? आमच्या संघर्षच्या! दिवसभर गळ्यात गळा!" उकंडाभाऊ तावातावानं बोलून गेले.

संध्याकाळी दोघंही चौथीच्या वर्गात, बाहेरून कुलूप. रोज दोन डबे पोचवायला उकंडाभाऊच.

पंधराव्या दिवशी ताईंनी कुलूप काढलं, तर आत दोघंही एकमेकांकडे बघून एकदमच खोकायला लागले.