पसारा

बायकोने देवाघरी जाण्याआधी प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून त्यांत फुलांचं बी पेरलं होतं. अंगणातल्या त्या बाटल्या त्याने ऐन थंडीत उचलून स्वयंपाकघरात आणल्या.

"बाबा, हे काय?" लेकीने विचारलं.

"दरवर्षी मी कटकट करायचो, घरात पसारा नको म्हणून. बिचारी बाहेर ठेवायची. आता राहू देत आत, उबेला."

लेकीला हसू फुटलं. "अहो, थंडी खाल्ल्याशिवाय हे बी उगवतच नाही. तुम्ही कटकट केली नसती तरी आई बाहेरच ठेवणार होती. म्हणायची, वाटू दे बाबांना, आपण जिंकलो म्हणून."

मग एकेक बाटली होती तिथे नेऊन ठेवली आणि दारात उभं राहून त्याने नेहमीसारखं दरडावलं, "घरात पसारा चालायचा नाही, सांगून ठेवतो!"