निरोगी नमुना

लॅबमध्ये नवं मशीन आलं की पहिले नमुने घरच्यांचेच लावायचे, ही तिथली रीत. नवरा शिरीष सुईला घाबरायचा, म्हणून उर्मिलानं स्वतःचं आणि कॉलेजातल्या लेकीचं, रेवाचं, रक्त लावलं.

हंटिंग्टन आजाराच्या जीनमध्ये तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ही माळ फार लांबली की ऐन उमेदीत हातपाय आपसूक हलू लागतात, मग बुद्धीही जाते. उर्मिलाची माळ आखूड होती. रेवाची संपता संपेना. मशीनच चुकलं असेल म्हणून तिनं पुन्हा तपासलं. तेच.

म्हणजे हे बापाकडून आलं. हल्ली शिरीषच्या हातातला चहा बशीत सांडायचा.

तिनं त्याला फोन लावला. "तुझे बाबा खरंच अपघातात गेले?"

"हे काय मध्येच काढलंस?" त्यानं विषय टाळला.

"रेवाचा रिपोर्ट समोर आहे माझ्या. बोल!"

"लग्नाआधी आईनं शपथ घातली होती," तो पुटपुटला. "खरं सांगितलं असतं तर तू हो म्हणाली नसतीस."

सुईची भीती म्हणे! इतकी वर्षं ती त्याची समजूत काढत आली होती.

"उर्मी," तो अजीजीनं म्हणाला, "रेवाला सांगू नकोस हं. तिचंही लग्न व्हायचंय."