चाकांवरची भिंत

“तालीम? ती तर फक्त रविवारी असते,” मंडळाच्या मंजुषाताई फोनवर म्हणाल्या आणि चैत्रालीच्या मनात पाल चुकचुकली. आज मंगळवार. सासरे तर सकाळीच तालमीला म्हणून बाहेर पडले होते, ती फळ्यांची भिंत ढकलत!

मराठी मंडळाच्या दिवाळीच्या नाटकात किल्ल्याला वेढा पडणार होता. तिच्या सासऱ्यांनी, रविकांतरावांनी, टाकाऊ कपाटाच्या फळ्या ठोकून, खाली चाकं लावून छातीइतकी उंच भिंत केली होती. पूर्वी सैनिक म्हणे असल्या भिंतीआडून थेट तटापर्यंत जायचे. गोळ्या लागायच्या त्या लाकडाला. “मागचा माणूस शत्रूला कळता कामा नये,” ते बजावायचे. आणि कौतुक तरी किती! मागच्या दांडीला दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ.

अंबरीषने वडिलांना मुदत दिली होती. तो आणि चैत्राली दिवसभर कामावर. दिवाळीपर्यंत बाबा इथे एकटे नीट राहिले तर परदेशातल्या या ओजिमातच लेकाकडे मुक्काम, नाहीतर पुण्यातला वृद्धाश्रम. अशा वेळी माणूस थापा मारतो? जातात कुठे, भेटतात कुणाला? आज तिला सुट्टी होती. ‘बाबा खोटं बोलतायत, बघून येते,’ असा अंबरीषला मेसेज टाकून ती तरातरा खाली उतरली.

बिल्डिंगमागच्या बागेत ते एकटेच होते. भिंत ढकलत झाडापर्यंत जायचे, थांबायचे, परत फिरायचे. तिला पाहताच चेहरा पांढराफटक पडला.

“बाबा, ही काय चाल आहे तुमची?” ती कडाडली आणि भिंत खस्सकन आपल्याकडे ओढली.

हातातली दांडी सुटली मात्र, म्हाताऱ्याचे दोन्ही पाय लटपटले. तिने धावत जाऊन कमरेला धरलं म्हणून बरं. सगळा भार तिच्या खांद्यावर आला. पाऊल काही उचलेना.

“चालच आहे गं,” ते धापा टाकत म्हणाले. “एवढीच उरलीय.”

चैत्रालीला रडूच कोसळलं. तेवढ्यात फोन वाजला. “सापडले का?” अंबरीष वैतागून विचारत होता. “काय चाललंय बाबांचं?”

तिने पायानेच भिंत जवळ ओढली. त्यांचे हात दांडीवर ठेवले, शेजारी आपला एक ठेवला.

“तालीम,” ती म्हणाली. “मलाही घेतलंय नाटकात.”