नव्या सिनेमाची चाल

"निर्मात्याला कळवून टाक, हा सिनेमा मी करत नाही," नंदकिशोरअण्णा लेकीला म्हणाले. जन्मांध असलेल्या या संगीतकाराला कित्येक वर्षांनी काम मिळालं होतं.

"का पण?" नीलिमानं विचारलं.

"कान गेले माझे."

"माझं बोलणं तर ऐकू येतंय."

"जवळचं येतं. लांबचं गेलं. दुपारी पेटी घेऊन बसतो, तर शेजारच्या वर्कशॉपमधलं पत्रे ठोकायचं प्रेस ऐकूच येत नाही. इतकी वर्षं घराच्या भिंती हादरवतंय ते. डोळ्यांवाचून कधी अडलं नाही. पण कानांवाचून चाल कशी लावू?"

दुपारी नीलिमा ऑफिसात असायची. दुसऱ्या दिवशी रजा काढून ती दुपारी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन निघाली. वर्कशॉपच्या दारातच मालक रोहिदास आडवा आला.

"अण्णा, ह्या वक्ताला कुठं निघाला? चालीला बसायचं न्हाई व्हय?"

"तुला रे कशाला चौकशी?"

"कशाला म्हंजे? तुमाला शिनेमा मिळाला कळल्यापासनं आमी रोज दुपारी प्रेस बंद ठिवतोय, तुमाला तरास नको म्हणून. माल वेळेत जाईना, कंपनीवाले शिव्या घालत्यात!"

अण्णा भिंतीला हात टेकून खो खो हसत सुटले.

"आत्ताच्या आत्ता चालू कर, लेका!"

आत धाड धाड सुरू झालं. अण्णा घराकडे वळले.

"अण्णा, डॉक्टरांची वेळ घेतलीय," नीलिमा म्हणाली.

"गप बस जरा. ऐकू दे."