बेसूर नळी

नदीतल्या कचऱ्यातून वाद्यं करायचा घाट गावानं घातला आणि म्हाताऱ्या सातुर्निनोनं प्लॅस्टिकच्या नळ्यांचा सिकू केला. सिकू दोघांनी वाजवायचा पावा. अर्धे सूर एकाकडे, अर्धे जोडीदाराकडे. पण जोडीदार एलेउतेरियो नदीपलीकडे, अन् दोघांत नऊ वर्षं अबोला! तरी सातुर्निनो रोज काठावर बसून अर्धीच धून वाजवायचा. बायको तोमासा कानात बोटं घालायची.

पाचव्या दिवशी पलीकडून आरोळी आली, "अरे बहिऱ्या, तिसरी नळी बेसूर आहे! थांब, मीच येतो!"

कमरेला आपला पावा खोचून एलेउतेरियो तरातरा पुलावर आला.

तोमासा हसली, "एवढं घासून कापलंस म्हाताऱ्या, तरी चुकलंच ना?"

"चुकतंय कसलं! तीच नळी बेसूर करायला दोन दिवस लागले."