चादर

शेजारच्या रामहरीकाकांनी एसी घेतला आणि त्याचं बाहेरचं युनिट बरोब्बर आमच्या खिडकीसमोर, हातभर अंतरावर ठोकलं. त्याच खिडकीत बसून मी दहावीचा अभ्यास करते. मी सांगायला गेले, "काका, तुमचा एसी खोलीतली उष्णता उचलून माझ्या तोंडावर फेकतोय. ते युनिट रस्त्याकडं फिरवा की."

काका गादीवर लोळतच हसले. "पोरी, एसी गार हवा देतो. गरम कुठनं येईल? तुमच्याकडं नाही ना, म्हणून तुला कळंना."

एवढी महागडी वस्तू घेतली, पण ती करते काय, हे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही या माणसाला. मी घरी आले. आमची जाडजूड सोलापुरी चादर दुहेरी केली आणि खिडकीबाहेरच्या आमच्याच दोरीवर, युनिटच्या पंख्याला टेकेल अशी ताणून बांधली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका घामाघूम होऊन दारात उभे.

"ती चादर काढ आधी. मेकॅनिक म्हणतोय, तिच्यामुळं गरम हवा बाहेर पडंना, म्हणून खोली गार होईना."

मी पुस्तकातून मानसुद्धा वर केली नाही.

"कुठली गरम हवा, काका?"